उदगीरच्या आकाशातील जुनी विमाने

उदगीरला विमानतळ नाही. आमच्या गावाला किल्ला आहे, लोहमार्ग आहे, बाजार समिती आहे, २०२२ साली साहित्य संमेलनही होऊन गेले. विमान मात्र इथे कधी उतरत नाही. ते डोक्यावरून जाते. बीदरचा वायुदलाचा तळ आमच्याच लोहमार्गावर, भालकीच्या पलीकडे आहे. तिथे शिकाऊ वैमानिक हॉक जातीच्या विमानांवर सराव करतात. वर्गात शिकवताना मध्येच घरघर ऐकू आली तर पूर्वी मुले खिडकीकडे पाहत. आता पाहत नाहीत. आवाज सवयीचा झाला की त्याचा इतिहास विसरला जातो. प्रस्तुत लेख त्या विसरलेल्या इतिहासासंबंधी आहे.

निमित्त मात्र अगदी वेगळे घडले. आमच्या महाविद्यालयातून वाणिज्य शाखेची पदवी घेऊन गेलेला एक विद्यार्थी सध्या पुण्यात हिशेबतपासनिसाच्या कचेरीत काम करतो. त्यांच्या एका अशिलाने जुने बिझनेस जेट विकत घ्यावयाचे ठरवले आणि कागद तपासण्याच्या कामातला काही भाग या मुलाकडे आला. एके रात्री त्याचा दूरध्वनी आला. म्हणाला, "सर, विमान बघायला दोन दिवस पुरले. वह्या बघायला तीन आठवडे झाले, अजून संपल्या नाहीत. तुम्ही आम्हांला जुनी हस्तलिखिते कशी ताडून पाहायची ते शिकवायचात ना, अगदी तसंच काम आहे हे."

मी मराठीचा अध्यापक. विमानविद्येशी माझा संबंध नाही. तरी त्याचे वाक्य मनात राहिले, आणि त्याच्याकडून जे समजले त्याने मला आमच्याच तालुक्याच्या इतिहासाकडे पाहण्याची एक नवी खिडकी उघडून दिली. म्हणून आधी थोडे त्या व्यवहाराविषयी.

१. विमानाची वही

मध्यम आकाराचे बिझनेस जेट म्हणजे साधारण सात ते नऊ माणसे आरामात बसतील, मधल्या वाटेने थोडे वाकून चालता येईल आणि पुण्याहून निघून देशातल्या कोणत्याही शहरी मध्ये न उतरता पोहोचता येईल असे दोन इंजिनांचे यान. या वर्गातले सर्वांत परिचित घराणे ब्रिटिश एचएस १२५चे. १९६२ साली ते प्रथम उडाले आणि निर्मात्या कंपन्या बदलत, शेवटी 'हॉकर' या नावाने, २०१३पर्यंत तयार होत राहिले. अशी विमाने नवी घेणारे थोडे. त्यांचा जुना बाजार मोठा. गाडी दहा वर्षांत मोडीत निघते. विमान मात्र नीट सांभाळले तर तीस-चाळीस वर्षे उडते, त्यामुळे एकाच विमानाला आयुष्यात चार-पाच धनी मिळतात.

पण "नीट सांभाळले" हे कशावरून ओळखायचे? विमान नवा रंग लावून, आसनांना नवे कातडे चढवून उभे असते. डोळ्यांना त्यात काहीच दिसत नाही. जे खरे असते ते वह्यांत असते. विमान किती तास उडाले, किती वेळा उतरले, या दोन्ही आकड्यांना स्वतंत्र महत्त्व आहे. उंचावर गेल्यावर आतली हवा दाबून ठेवावी लागते, त्यामुळे धातूचे कवच किंचित फुगते, उतरल्यावर पुन्हा आकसते. प्रत्येक उड्डाणागणिक हे होते आणि त्यातून धातू थकतो. म्हणून थोडे तास पण पुष्कळ उतरणी असलेले विमान जास्त तास उडालेल्या विमानापेक्षा म्हातारे असू शकते. इंजिनातल्या कित्येक चकत्यांचे आणि चाकांच्या पायांतल्या सुट्या भागांचे आयुष्य ठरवून दिलेले असते. तो भाग कोणी, केव्हा, कोणत्या क्रमांकाचा बसवला याचा दाखला नसेल, तर तो भाग दिसायला कितीही चकचकीत असो, त्याची किंमत भंगाराची. इंजिनात बारीक नळीतून कॅमेरा घालून आतली पाती पाहतात. विमानावर कोणाचे कर्ज बाकी आहे काय हे तपासण्यासाठी २००१च्या केपटाउन कराराने एक आंतरराष्ट्रीय नोंदवहीच निर्माण केली आहे. शेवटी जुन्या देशाच्या नोंदीतून विमानाचे नाव कमी होते, आपल्याकडे नागरी विमान वाहतूक महासंचालनालय ते तपासून दाखला देते आणि शेपटाजवळ 'व्हीटी' ही अक्षरे लागतात.

ही दोन अक्षरे लक्षात ठेवावीत. पुढे त्यांचे काम पडणार आहे.

माझ्या विद्यार्थ्याला जे तीन आठवड्यांत उमगले ते असे, की जुने विमान घेणे म्हणजे त्याचा भूतकाळ विकत घेणे होय. वस्तूचे दाम थोडे असते. दाम पडते ते तिच्या वंशावळीचे. आणि वंशावळ नसलेले विमान स्वस्तात मिळत असेल, तर घेणाऱ्याने स्वतःला विचारावे की ते आपल्याला नेमके कशासाठी हवे आहे.

२. महायुद्धाचा जुना बाजार

हा प्रश्न आपल्या प्रदेशात एकदा फार मोठ्या प्रमाणावर विचारला गेला होता. दुसरे महायुद्ध १९४५मध्ये संपले आणि जगभर विमानांचे ढीग उरले. अमेरिकेने एकट्या सी-४७, म्हणजे आपण ज्याला डाकोटा म्हणतो, त्या जातीची दहा हजारांच्या घरात लष्करी विमाने बांधली होती. आसाम, बंगाल आणि ब्रह्मदेशच्या आघाडीमुळे त्यांतली बरीच भारतातच होती. ती परत नेण्याचा खर्च विमानांच्या किमतीपेक्षा जास्त, म्हणून ती इथेच विकायला काढली गेली. बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कारखान्यात त्यांच्या बाकड्यांच्या जागी आसने बसवून ती प्रवासी विमाने झाली. हा कारखाना १९४० साली सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर संस्थानाच्या साहाय्याने उभा केला होता आणि युद्धकाळात अमेरिकन विमानांच्या दुरुस्तीचे काम करून त्याचे कारागीर तयार झाले होते.

परिणाम असा झाला की ज्याच्याकडे थोडे भांडवल आणि थोडे धाडस होते तो विमान कंपनी काढू लागला. बिजू पटनायकांनी कलिंग एअरलाइन्स काढली आणि जुलै १९४७मध्ये डचांची नाकेबंदी चुकवून इंडोनेशियाचे नेते सुतान शहरीर यांना डाकोटातून बाहेर आणले. त्याच वर्षी २७ ऑक्टोबरला श्रीनगरला भारतीय सैनिक उतरले तेही डाकोटांतूनच, आणि त्यांत खासगी कंपन्यांकडून मागवलेली विमाने होती. जे यंत्र काल छत्रीधारी सैनिक नेत होते तेच आज व्यापारी नेत होते, उद्या क्रांतिकारक नेणार होते. यंत्र बदलले नव्हते. त्याचा उपयोग बदलत होता.

कंपन्या फार झाल्या, उतारू थोडे पडले. न्यायमूर्ती राजाध्यक्ष यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी समितीने १९५० साली हेच नोंदवले. शेवटी १९५३च्या कायद्याने आठ कंपन्या एकत्र करून १ ऑगस्ट १९५३पासून इंडियन एअरलाइन्स सुरू झाली. त्या आठांत एक नाव आपल्या ओळखीचे होते, डेक्कन एअरवेज.

३. निजामाचे विमान, हिंदुस्थानची अक्षरे

हैदराबाद संस्थानाला वाहतुकीची हौस होती आणि समजही होती. रेल्वे संस्थानाच्या मालकीची. १९३२ साली त्याच रेल्वेने २७ मोटारगाड्या घेऊन सरकारी बससेवा सुरू केली. मराठवाड्यातल्या वृद्धांना ती अजून आठवते. रूळ, रस्ता यांनंतर तिसरी पायरी हवेची. १९४५ साली डेक्कन एअरवेज स्थापन झाली. तिच्यात मोठा वाटा निजाम सरकारचा व लहान वाटा टाटांचा. १९४६मध्ये बेगमपेठेहून तिची विमाने उडू लागली. विमाने अर्थातच डाकोटा, म्हणजे जुनी.

या कंपनीविषयी दोन गोष्टी सांगण्यासारख्या आहेत. पहिली, प्रेम माथुर या भारतातील पहिल्या स्त्री व्यावसायिक वैमानिकाला, इतर कंपन्यांनी नाकारल्यावर, नोकरी दिली ती याच कंपनीने. सरंजामी म्हणून ज्या संस्थानाचा आपण उल्लेख करतो त्याच्या विमान कंपनीने हे केले, हे इतिहास लिहिताना झाकून ठेवू नये.

दुसरी गोष्ट त्या अक्षरांची. १९४४च्या शिकागो करारानुसार विमानाला राष्ट्रीयत्व असते. ज्या देशाच्या नोंदवहीत त्याचे नाव, त्या देशाचे ते विमान, आणि एका वेळी एकाच नोंदवहीत नाव असू शकते. माणसाला दोन घरची भाकरी खाता येते, विमानाला नाही. १९४७मध्ये निजाम सार्वभौमत्वाची भाषा करीत होते, त्यांचे स्वतःचे नाणे होते, स्वतःचे टपाल होते, स्वतःचे सैन्य होते. परंतु त्यांच्या पैशाने घेतलेल्या डाकोटांवर अक्षरे होती 'व्हीटी'. म्हणजे जमिनीवर जो प्रश्न सप्टेंबर १९४८पर्यंत लोंबकळत राहिला, त्याचे उत्तर विमानाच्या वहीत आधीच लिहिलेले होते. दरबारी फर्मानांपेक्षा कारकुनाची नोंद कधीकधी अधिक खरे बोलते.

डेक्कन एअरवेज टिकली याचे कारण मला या नोंदीत दिसते. जुन्या विमानांसह टाटांचा अनुभव आला, दुरुस्तीची शिस्त आली, वेळापत्रक आले. कंपनीने घेतलेले यंत्र जुने होते, पण त्याची वही उघडी होती.

४. बंद वहीचे विमान

आता त्याच काळातला दुसरा व्यवहार पाहू.

२९ नोव्हेंबर १९४७ रोजी भारत आणि हैदराबाद यांच्यात जैसे थे करार झाला. मीर लायक अली पंतप्रधान झाले. कासिम रझवी, जो लातूरला वकिली करीत असे, त्याच्या रझाकारांचा उपद्रव गावोगाव वाढला. भारताने संस्थानाची कोंडी चालवली आहे, औषधेसुद्धा येऊ देत नाहीत, अशी हैदराबादची तक्रार होती. शस्त्रे येऊ नयेत एवढाच हेतू, असे दिल्लीचे म्हणणे होते. हैदराबादला समुद्र नव्हता. चारी बाजूंनी भारत. वाट राहिली ती फक्त वरची.

या वाटेने येणारा मनुष्य होता सिडनी कॉटन. १८९४ साली ऑस्ट्रेलियात जन्मलेला हा वैमानिक पहिल्या महायुद्धात 'सिडकॉट' नावाचा उबदार उड्डाणपोशाख शोधून प्रसिद्ध झाला. १९३९मध्ये त्याने लॉकहीड १२ हे छोटे व्यापारी विमान घेऊन जर्मनीत ये-जा केली. वरकरणी तो रंगीत फिल्मचा व्यापारी, पण विमानाच्या पोटात छायाचित्रयंत्रे लपवलेली होती. आज ज्याला बिझनेस जेट म्हणतात त्याचे पूर्वजच हे. कंपनीच्या कामाचे विमान म्हटले की कोणी फारसे विचारत नाही, हे ओळखणाऱ्यांत कॉटन अग्रेसर होता.

१९४८मध्ये त्याने हैदराबादसाठी निवडले लँकास्ट्रियन विमान. लँकास्टर बाँबफेकी विमानाला प्रवासी रूप देऊन ते केलेले होते. चार इंजिने, प्रचंड पल्ला, आणि इंग्लंड-ऑस्ट्रेलिया मार्गावर प्रवासी किती, तर अवघे नऊ. म्हणजे प्रवासी कंपनीच्या दृष्टीने बुडीत धंदा. जुन्या बाजारात ते पडून राहावे हे साहजिक. परंतु कॉटनच्या दृष्टीने तेच गुण होते. कराचीहून हैदराबाद सुमारे साडेचौदाशे किलोमीटर. डाकोटा माल घेऊन एवढे अंतर येईल, पण परत जायला तिला इथे इंधन भरावे लागेल. लँकास्ट्रियनचा पल्ला सहा हजार किलोमीटरांहून अधिक. रात्री यावे, माल उतरवावा, इंधनाचा थेंब न मागता पहाटेपूर्वी परत जावे. जुने विमान घेताना "कशासाठी हवे?" हा प्रश्न महत्त्वाचा म्हटले ते यासाठी. एका धन्याचे अवगुण दुसऱ्या धन्याचे गुण ठरतात.

जून १९४८च्या सुमारास ही उड्डाणे सुरू झाली व सप्टेंबरपर्यंत चालली. हैदराबादखेरीज बीदर आणि वरंगळ येथील धावपट्ट्यांचा उपयोग झाला. बीदरची धावपट्टी महायुद्धात, १९४२ साली, प्रशिक्षणासाठी तयार झालेली. तीही एका अर्थी युद्धातून उरलेला जुना मालच. विमानांतून शस्त्रे आली. औषधेही आणली असे कॉटनचे म्हणणे. शिकागो कराराच्या ३५व्या कलमाप्रमाणे एखाद्या देशाच्या हद्दीवरून त्याच्या परवानगीवाचून युद्धसाहित्य नेता येत नाही. विमाने ब्रिटनच्या नोंदवहीतील, म्हणून भारताने ब्रिटनला जाब विचारला. पुढे कॉटनवर इंग्लंडमध्ये खटला होऊन त्याला दंड झाला, दोनशे पौंड. एका संस्थानाच्या शेवटच्या उन्हाळ्याची आणि पावसाळ्याची न्यायालयाने केलेली ती किंमत.

५. रात्रीचा आवाज

इथे मला आमच्या घरातली एक आठवण सांगितली पाहिजे. माझी आजी त्या वर्षी सोळा-सतरा वर्षांची, उदगीरजवळच्या एका खेड्यात नांदत होती. ती सांगायची, "रात्री विमान आलं की सासरे म्हणायचे, दिवा मालवा." तिचा दीर भूमिगतांना भाकरी पोहोचवायला हत्तीबेटाकडे जात असे. वरून जाणारे विमान हिंदुस्थानचे, की निजामाला माल आणणारे, हे खालून कळण्याला मार्ग नव्हता. दीर म्हणे, आपले असेल. सासरे म्हणत, ज्याचे दिसत नाही ते आपले समजू नये.

कराची आणि बीदर यांना जोडणारी सरळ रेषा नकाशावर काढली, तर ती उदगीर आणि निलंगा यांच्या मधून जाते. वैमानिक नेमके याच रेषेने उडत होते असे त्यावरून सिद्ध होत नाही, आणि आजीची आठवण हा पुरावा नव्हे. पण दिवा मालवणारे घर त्या रेषेच्या टप्प्यात होते, एवढे म्हणता येते.

त्या वेळी उदगीर बीदर जिल्ह्यात होते. आज बीदर कर्नाटकात आणि उदगीर महाराष्ट्रात, हे १९५६च्या राज्यपुनर्रचनेने झाले. लातूर जिल्हा तर १९८२चा. आपण आज जिल्ह्याच्या चौकटीतून इतिहास वाचतो, म्हणून बीदरची धावपट्टी आपल्याला परकी वाटते. १९४८मध्ये ती आमच्या जिल्ह्याच्या ठिकाणची धावपट्टी होती.

याच संदर्भात १७६०ची उदगीरची लढाई आठवते. निजामाविरुद्ध सदाशिवरावभाऊंच्या विजयात इब्राहिमखान गारद्याच्या तोफखान्याचा मोठा हात होता. हा इब्राहिमखान फ्रेंच सेनानी बुसीच्या तालमीतला आणि पूर्वी निजामाच्याच चाकरीतला. म्हणजे ते बळही जुन्या बाजारातलेच, दुसऱ्याने घडवलेले, पहिल्या धन्याने गमावलेले. परंतु तोफांबरोबर त्या चालवणारी शिस्तबद्ध माणसेही आली होती, आणि पुढच्याच वर्षी पानिपतावर त्याने निष्ठेची किंमत प्राणांनी दिली. १९४८च्या हैदराबादने उलटे केले. पेट्या आल्या, त्या वापरणारी फौज आली नाही. पेट्या उतरवून विमान परत जात असे.

६. भंगारातले वायुदल

भारताची बाजू काही नव्या यंत्रांनी समृद्ध होती असे मात्र नाही. अमेरिकेकडून उसन्या करारावर आलेली लिबरेटर बाँबफेकी विमाने युद्धानंतर कानपुरात सोडून देण्यात आली होती. ती दुसऱ्याच्या हाती जाऊ नयेत अशी कराराची अट, म्हणून ब्रिटिशांनी निघण्यापूर्वी ती निकामी केली. बंगळूरच्या कारखान्यातील माणसे कानपुराला गेली, त्या मोडक्या ढिगातून एकेक विमान कसेबसे उडण्याजोगे केले, ते उडवत बंगळूरला आणले आणि तिथे पुन्हा घडवले. या विमानांचे पाचवे पथक नोव्हेंबर १९४८मध्ये उभे राहिले, म्हणजे हैदराबादच्या कारवाईनंतर. ती विमाने १९६८पर्यंत सेवेत होती. ज्याची वहीसुद्धा जाळली गेली असेल अशा यंत्राला कारागिरांनी नवी वही लिहून दिली. जुन्या विमानाच्या व्यवहारात यंत्राहून माणसाचे कसब मोलाचे, याचे याहून चांगले उदाहरण माझ्या माहितीत नाही.

१३ सप्टेंबर १९४८ रोजी पहाटे भारतीय फौजा संस्थानात शिरल्या. वायुदलाच्या टेंपेस्ट विमानांनी पहिल्याच दिवशी बीदर आणि वरंगळच्या धावपट्ट्यांवर बाँब टाकले; कॉटनची वाट बंद झाली. १७ सप्टेंबरला निजामाने हार मानली, १८ला सेनापती अल् इद्रूस यांनी मेजर जनरल चौधरी यांच्यापुढे शरणागती पत्करली. एवढ्या धोक्याने, एवढ्या खर्चाने आणलेली शस्त्रे पाच दिवसांच्या युद्धात निर्णायक ठरली नाहीत.

शस्त्रांचा हिशेब मात्र पाच दिवसांत संपत नसतो. आधीच्या वर्षात रझाकारांनी आमच्या भागात जे केले ते आम्ही दर १७ सप्टेंबरला सांगतो आणि ते सांगितलेच पाहिजे. नंतरच्या आठवड्यांत जे झाले ते आम्ही सांगत नाही. भारत सरकारनेच पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने कारवाईदरम्यान आणि नंतर, सावध अंदाजाने, सत्तावीस ते चाळीस हजार माणसे मारली गेल्याचे लिहिले. सर्वाधिक झळ लागलेले चार जिल्हे म्हणून उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड यांची नावे दिली. मारले गेलेले बहुतेक मुसलमान होते, आणि त्यांतल्या बहुतेकांचा कॉटनच्या पेट्यांशी काही संबंध नव्हता. तो अहवाल कित्येक दशके बंद कपाटात राहिला. सर्वसामान्य अभ्यासकाला तो २०१३च्या सुमारास पाहता आला. आमच्या प्रदेशाची वहीसुद्धा अशी अर्धी उघडी, अर्धी बंद आहे.

७. वह्या मिटताना

१९४९च्या जानेवारीत देशात रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास येथून डाकोटा निघत, मध्यरात्री नागपुरात भेटत, टपालाच्या थैल्या बदलत आणि पहाटे आपापल्या शहरी परत जात. जेमतेम चार महिन्यांपूर्वी ज्या दख्खनच्या रात्रीत बंदुकांच्या पेट्या हिंडत होत्या, त्याच रात्रीत आता मनीऑर्डरी आणि लग्नपत्रिका हिंडू लागल्या. विमाने तशीच, युद्धातून उरलेली. बदल झाला होता तो एवढाच, की आता त्यांची वेळ छापलेली होती आणि ती कोणीही वाचू शकत होते.

माझ्या विद्यार्थ्याने मागच्या महिन्यात पुन्हा दूरध्वनी केला. तो व्यवहार मोडला होता. विमान उत्तम होते, किंमतही रास्त होती. परंतु वह्यांत अकरा महिन्यांची पोकळी निघाली. त्या अकरा महिन्यांत विमान कुठे होते, कोण उडवत होते, पुढच्या चाकाच्या पायाचा एक भाग कोणी बदलला, याचा दाखला विकणाऱ्याला देता आला नाही. अशील म्हणत होता, "एवढ्यासाठी काय सोडायचं?" मुलाने कच्च्या अहवालात स्पष्ट लिहिले, की घेऊ नये. वरिष्ठांनी ते मान्य केले. कमिशन बुडाल्याबद्दल कचेरीत थोडी बोलणी खावी लागली असावीत. ते त्याने सांगितले नाही, आवाजावरून मला समजले.

"सर, चूक केली का मी?" त्याने विचारले.

मी त्याला आजीच्या सासऱ्यांचे वाक्य सांगितले. ज्याचे दिसत नाही ते आपले समजू नये. तो हसला. मग म्हणाला, "तुमच्या आजेसासऱ्यांना आमच्या कचेरीत घेतलं असतं." नाते त्याने चुकीचे जोडले होते; ते माझे पणजोबा. मी ते दुरुस्त केले, कारण वंशावळ बरोबर असावी.

हे लिहीत असताना दुपारचे चार वाजले आहेत आणि बीदरकडून घरघर येते आहे. सरावाचे विमान असेल. खिडकीबाहेर एक मुलगा सायकल थांबवून, कपाळावर हात धरून वर पाहतो आहे.